बोरिवलीच्या नांवाचें फूल

मुंबईंतील वस्त्यांचीं नांवें ज्यानें लक्ष देऊन ऐकलीं असतील त्याला एक गोष्ट सहज दिसून येईल. ह्या नगरींतील पुष्कळशा जागा झाडांच्या नांवानें ओळखल्या जातात. चिंचपोकळींत चिंच आहे, वडाळ्यांत वड आहे, उंबरखाडींत उंबर आहे, फणसवाडींत फणस आहे, ताडदेवांत ताड आहे. आणि बोरिवलीचें नांव तेथील बोरींवरून पडलें असें जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. झाडें बहुतेक गेलीं. नांवें तेवढीं राहिलीं. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती मात्र ह्याच्या नेमकी उलट आहे. येथें झाडाचें नांव गांवाला मिळालेलें नाहीं, तर गांवाचें नांव एका लहानशा रानफुलाला मिळालें आहे. तें गांव बोरिवली, आणि तें फूल सफेद मुसळीचें.

मुसळी हा शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत फूल उभें राहत नाहीं. उभी राहते ती चूर्णाची बरणी. आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांत शक्तिवर्धक म्हणून जीं औषधें मिळतात त्यांच्या वेष्टनांवर हें नांव नेहमीं असतें. परंतु तें चूर्ण ज्या मुळांचें केलेलें असतें त्या मुळांवर एक रोप उगवतें, त्या रोपाला पांढरीं फुलें येतात, आणि शास्त्राच्या दफ्तरांत त्या रोपाच्या नांवाचा उत्तरार्ध आपल्या पश्चिम उपनगरांतील एका स्टेशनाच्या नांवावरून घेतलेला आहे, ही गोष्ट त्या स्टेशनावर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांपैकीं किती जणांना ठाऊक असेल? शास्त्रीय नांव असें आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम. पहिला शब्द ग्रीक आहे व त्याचा अर्थ ‘हिरवें रोप’ एवढाच. दुसरा शब्द लॅटिन वेष घेतलेली आपली बोरिवली.

हें रोप दिसतें कसें तें आधीं सांगतों. तें झाड नव्हे, झुडूपही नव्हे. जमिनीला चिकटून, एका बिंदूभोंवतीं फिरत गेल्यासारखीं सहापासून बारा-तेरापर्यंत लांबट पट्टीसारखीं पानें येतात. त्यांच्या मधून एक सरळ, न फांटणारा दांडा वर येतो. तो फार तर एक-दीड फूट उंच होतो. त्या दांड्यावर थोड्याथोड्या अंतरानें लहान पांढरीं फुलें लागतात. बहुधा एका जागीं तीन. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या व मधोमध सहा पिंवळे परागकोश. सुगंधाचा डौल नाहीं, रंगाचा दिमाख नाहीं. वरून चालत जाणाऱ्याची नजर खालीं वळली नाहीं तर तें पायाखालीं जाईल, इतकें तें साधें आहे. ह्या रोपाचें खरें धन जमिनीच्या खालीं असतें. तेथें बोटांच्या जुडग्यासारखीं मांसल मुळें एकत्र लोंबत असतात. तीं सोलून वाळविलीं म्हणजे पांढरीं शुभ्र व कडक होतात. मुळांचा हा मुसळासारखा आकार पाहूनच मुसळी हें नांव पडलें असावें.

ह्या रोपाचें वर्षही विलक्षण असतें. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली कीं जुनाट मुळांच्या माथ्यावरून कोंब वर येतो. पुनर्वसु-पुष्याच्या सुमारास, म्हणजे जुलै महिन्यांत, फुलें येतात. मग त्रिधारी बोंडें धरतात, त्यांत काळें बीं पिकतें, आणि हस्ताचा पाऊस संपतां संपतां पानें पिंवळीं पडून मातींत मिळून जातात. त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत त्या जागीं कांहीं होतें अशी खूणही राहत नाहीं. चार महिने वर आणि आठ महिने भूमिगत, असा हा संसार आहे. वरचीं सागाचीं, ऐनाचीं झाडें पावसाळ्यांत पानांनीं गच्च भरतात. त्यांच्या खालच्या विरळ उजेडांत, पाणी साचून न राहणाऱ्या उतारावर, पालापाचोळ्यानें मऊ झालेल्या जमिनींत हें रोप सुखानें राहतें. उन्हाळ्यांत तीच झाडें पानें टाकतात, जमीन तापते, भेगाळते. त्या वेळीं हें शहाणें रोप झोपलेलें असतें.

आतां हें रोप आपल्या लोकांना पूर्वीं माहीत नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. वैद्यांच्या निघंटूंत मुसळी आहे, आणि तिचे काळी व पांढरी असे दोन भेद व्यवहारांत चालत आले आहेत. काळी मुसळी ही वेगळ्याच कुळांतली वनस्पति. माडाच्या कोवळ्या रोपासारखीं तिचीं पानें, आणि अगदीं जमिनीलगत उमलणारें पिंवळें चांदणीसारखें फूल. तीही अशाच रानांत राहते. दोघींचें नांव एक झालें तें केवळ मुळांच्या उपयोगामुळें. रानांत राहणाऱ्यांचें ज्ञान तर औषधापुरतेंच नाहीं. पहिल्या पावसानंतर ठाणें-पालघरकडच्या वारली, कातकरी, महादेव कोळी बायका टोपल्यांतून ज्या रानभाज्या बाजारांत आणतात त्यांत फोडशी किंवा कुलू नांवाची एक भाजी असते. कांद्याच्या पातीसारखी ती दिसते. ही भाजी म्हणजे ह्याच क्लोरोफायटमच्या घराण्यांतील रोपांचीं कोवळीं पानें; सफेद मुसळीचींही पानें ह्याच नांवानें विकलीं व खाल्लीं जातात. बुडख्याकडचा पांढरा कठीण भाग काढून पाती बारीक चिरावी, कांदा व भिजविलेली डाळ घालून परतावी, वरून ओलें खोबरें घालावें. पावसाळ्यांतील त्या आठ-पंधरा दिवसांत ह्या भाजीची सर दुसऱ्या कशास येत नाहीं असें तिचे भोक्ते सांगतात. म्हणजे ज्या वनस्पतीला आपण औषध म्हणून बाटलींतून घेतों तीच कोणाच्या तरी चुलीवर साधी भाजी म्हणून शिजत आली आहे.

लोकांना माहीत असलेली ही वनस्पति शास्त्राला मात्र फार उशिरां भेटली. हा उशीर सहज ध्यानांत येण्याजोगा नाहीं, कारण मुंबईच्या आसपासच्या वनस्पतींची पाहणी अगदीं जुनी आहे. जॉन ग्रॅहॅम हे मुंबईच्या टपाल खात्यांतील अधिकारी. मुंबई व तिच्या परिसरांत वाढणाऱ्या वनस्पतींची त्यांची यादी १८३९ मध्यें छापून झाली, आणि त्याच वर्षीं ते वारले. पुढें डॅल्झेल व गिब्सन ह्या दोघांचा ग्रंथ १८६१ मध्यें निघाला. ह्यांपैकीं अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्यांतील जंगलांचे पहिले संरक्षक अधिकारी होते. त्यानंतर थिओडोर कुक ह्यांनीं १९०१ ते १९०८ ह्या काळांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा कोश प्रसिद्ध केला. इतकीं माणसें, इतकीं वर्षें ह्या प्रांताचीं झाडें टिपीत होतीं, आणि तरीही साष्टी बेटाच्या मधोमध उगवणारें हें रोप स्वतःच्या नांवाविना राहिलें.

ह्याचें कारण समजणें कठीण नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञाचें काम पुष्कळ अंशीं वाळविलेल्या नमुन्यांवर चालतें. मोठें झाड वर्षभर उभें असतें. तें आज पाहिलें नाहीं तर पुढच्या महिन्यांत पाहतां येतें. हें रोप पाहावयाचें तर भर पावसांत, चिखलांतून, जळवांच्या व डांसांच्या संगतींत रान तुडवावें लागतें, आणि तेंही फुलांच्या त्या थोड्या आठवड्यांत. शिवाय हीं नाजूक फुलें कागदांत दाबलीं कीं त्यांचें पातळ पापुद्र्यासारखें कांहीं तरी होतें. ह्या घराण्यांतील जाती एकमेकींसारख्या दिसतात. मुळांकडे, फुलांच्या मांडणीकडे व पुंकेसरांकडे बारकाईनें पाहिल्याशिवाय त्यांतला भेद उमगत नाहीं. तेव्हां एखादी जात शेजारच्या जातींत मिसळून जाणें मुळींच अवघड नव्हतें.

तो भेद ज्यांनीं ओळखला त्यांपैकीं एक होते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. स्पेन देशांत १९०३ मध्यें जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरु मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचा अध्यापक झाला. त्या कॉलेजांत ही विद्या आधींच रुजलेली होती. एथेलबर्ट ब्लॅटर नांवाचे स्वित्झर्लंडचे जेझुइट विद्वान १९३४ मध्यें वारले. त्यांच्या नांवाचा वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह त्याच कॉलेजांत आहे. सांतापाव ह्यांची विशेष ओढ प्रत्यक्ष रानाकडे होती. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्यें बाहेर पडला. खंडाळा काय किंवा साष्टीचे डोंगर काय, पावसाळ्यांत जो जाईल त्यालाच जें दिसेल असें तेथें पुष्कळ होतें. सांतापाव व त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस ह्यांनीं ह्या मुसळीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, व ती बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५२ व्या खंडांत, १९५४-५५ च्या सुमारास, प्रसिद्ध झाली. ही सोसायटीही मुंबईचीच; १८८३ मध्यें अवघ्या आठ जणांनीं मिळून ती स्थापिली होती. पुढें सांतापाव भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९७० मध्यें ते निवर्तले.

नव्या जातीला नांव देणें म्हणजे नुसतें बारसें नव्हे. त्या काळच्या नियमाप्रमाणें वनस्पतीचें वर्णन लॅटिन भाषेंत द्यावें लागे. हा नियम १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत चालला. तसेंच एक वाळविलेला नमुना त्या नांवाचा साक्षीदार म्हणून कायमचा जपून ठेवावा लागतो. उद्यां जगांत कोठेंही कोणास शंका आली कीं आपल्या हातांतील मुसळी तीच कीं दुसरी, तर त्यानें अखेर त्या नमुन्याकडे वळावें अशी ही व्यवस्था आहे. मध्य प्रदेशांतील शेतकरी जें पीक काढतो, परदेशांतील प्रयोगशाळेंत ज्या मुळांची परीक्षा होते, त्या सर्वांच्या पाठीशीं असा एक कागदावर शिवलेला, साधा, सुकलेला साक्षीदार उभा असतो.

ह्यांत आणखी एक गंमत आहे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्यें वाढली ती पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेकडे भांडुपपर्यंत. बोरिवली, दहिसर, मुलुंड ह्या वस्त्या महापालिकेंत आल्या त्या १९५७ मध्यें. म्हणजे बोरिवली मुंबई शहरांत येण्यापूर्वींच ती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसली होती. शहरानें तिला आपली म्हणण्याआधीं एका रानफुलानें तिला आपली म्हटलें होतें.

परंतु फूल टिकावयाचें तर नुसतें नांव पुरत नाहीं. रान टिकावें लागतें. साष्टी बेटाच्या मध्यभागचें हें रान टिकलें कसें, हाही इतिहासच आहे. ह्या डोंगराचें जुनें नांव कृष्णगिरि, त्यावरूनच कान्हेरी. इसवी सनाच्या आगेंमागें तेथें बौद्ध भिक्षूंनीं लेणीं खोदण्यास आरंभ केला, आणि पुढें कित्येक शतकें तें काम चालूं राहिलें. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या वसाहतीला पाणी मिळे तें खडकांत खोदलेल्या टांक्यांतून. पावसाचें पाणी अडवावें व वर्षभर पुरवावें ही त्या डोंगराची जुनी शिकवण. एकोणिसाव्या शतकांत मुंबई शहराला पाण्याची टंचाई भासूं लागली तेव्हां इंग्रज सरकारची दृष्टि ह्याच डोंगराकडे वळली. १८५६ मध्यें विहार तलावाचें काम सुरूं झालें व १८६० मध्यें तें पुरें झालें. १८७९ मध्यें तुळशी तलाव तयार झाला. पिण्याचें पाणी स्वच्छ राहावयाचें तर भोंवतालच्या पाणलोटांत वस्ती नको, नांगर नको, म्हणून तो मुलूख मोकळा राखण्यांत आला. फुलांसाठीं म्हणून तेव्हां कोणीं कांहीं केलें नाहीं. शहराची तहान भागविण्यासाठीं जें केलें त्याच्या आश्रयानें फुलें वांचलीं.

पुढें ह्या रानाला राष्ट्रीय उद्यानाचें रूप आलें. आरंभीं कृष्णगिरि उद्यान म्हणून राखलेला भाग सुमारें वीस चौरस किलोमीटरांचा होता. तो वाढत वाढत सुमारें १०३ चौरस किलोमीटरांपर्यंत गेला, आणि १९८० नंतर त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असें नांव मिळालें. ह्याच वर्षांत भोंवतालचीं उपनगरेंही वाढत होतीं. पश्चिमेस अंधेरी, गोरेगांव, मालाड, बोरिवली. पूर्वेस घाटकोपर, भांडुप, मुलुंड. दोन्हींकडून घरें चढत आलीं. शेवटीं जंगलांतील अतिक्रमणांचा प्रश्न उच्च न्यायालयांत गेला, आणि १९९७ मध्यें न्यायालयानें तीं हटविण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणारीं माणसेंही गरीबच होतीं, आणि रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांचे पाडे तर उद्यानाहूनही जुने. तेव्हां हा इतिहास एका बाजूनें सांगून संपणारा नाहीं. इतकें मात्र खरें कीं दोन्हीं बाजूंनीं दाबल्या गेलेल्या ह्या एका हिरव्या पट्ट्यामुळेंच बोरिवलीच्या फुलाला अजून बोरिवलींत जागा आहे.

आतां ह्या फुलापुढचें दुसरें संकट सांगतों. तें घरांचें नव्हे, मुळांचें आहे. शक्तीचें औषध म्हणून मुसळीची मागणी जशी वाढली तशी देशभरच्या रानांतून तिची खणती सुरूं झाली. येथें ह्या रोपाचा स्वभाव त्याच्या मुळावर येतो. मुळें पक्व होतात तीं पानें गळून गेल्यावर, हिवाळ्यांत. पण त्या वेळीं वर कांहींच दिसत नसल्यामुळें खणणाऱ्याला जागा सांपडत नाहीं. पानें दिसतात तेव्हां मुळें कच्चीं असतात. आणि रान खणलें जातें तें बहुधा तेव्हांच. कच्चें मूळ वाळून हलकें होतें, म्हणून तेवढ्याच वजनासाठीं अधिक रोपें उपटावीं लागतात. पुन्हां, नवें रोप उगवतें तें मुळाच्या माथ्यावरील डोळ्यांतून. सगळें जुडगें उपसून नेलें तर त्या जागीं पुढच्या मृगाला काय उगवणार? बियांवर भरंवसा ठेवावा तर त्यांतलें फार थोडें रुजतें. अशा रीतीनें एकदां खणलेला उतार वर्षानुवर्षें ओकाच राहतो. भाजीसाठीं पाती कापून नेणारी बाई मुळाचा माथा तसाच ठेवते, म्हणून ती पुढच्या वर्षीं त्याच उतारावर येऊं शकते. वजनावर मुळें विकत घेणाऱ्या बाजाराला हा विचार करण्याचें कारण पडत नाहीं.

ह्यावर शेतीचा उपाय निघाला, आणि तो योग्यच होता. मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात व महाराष्ट्र ह्या राज्यांतून मुसळीची लागवड होऊं लागली. गुजरातेंत आणंदजवळ औषधी वनस्पतींच्या संशोधनाची जी सरकारी संस्था आहे ती ह्या पिकाचा अभ्यास करते. आणि योगायोग असा कीं ती ज्या गांवांत आहे त्याचें नांव बोरिआवी! परंतु २००० सालाच्या आगेंमागें ह्या पिकाला लोभाचें वेड लागलें. भरमसाट उत्पन्नाचीं आश्वासनें देऊन लागवडीचीं मुळें महागड्या भावानें शेतकऱ्यांच्या गळ्यांत घालण्यांत आलीं. बेणें महाग, खणणें-सोलणें-वाळविणें कष्टाचें, आणि पीक हातीं आलें तेव्हां सांगितलेला भाव देणारा कोणी नाहीं, अशा अवस्थेंत अनेकांचे पैसे बुडाले. शेतीनें रानावरचा भार हलका होऊं शकतो. पण त्याला सचोटीचा व्यापार लागतो, हा त्यांतला धडा.

श्रोते हो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं गच्चींत किंवा खिडकींत एका कुंडींत हिरव्या पात्यांवर पांढऱ्या रेघा असलेलें एक रोप असेल. त्याच्या लोंबत्या दांड्यांना लहान लहान पिलें लागतात. स्पायडर प्लांट ह्या नांवानें तें मिळतें. बारा महिने हिरवें राहणारें हें रोप मूळचें आफ्रिकेचें, आणि तें क्लोरोफायटमच! म्हणजे बोरिवलीच्या मुसळीची ती दूरदेशची बहीण. तिला आपण पाणी घालतों, ऊन दाखवितों, पाहुण्यांना दाखवितों. आणि सख्खी बहीण आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवर, चार महिन्यांपुरती डोकें वर काढून, अनोळखी राहते. दर आठ वर्षांनीं कारवी फुलते तेव्हां ती पाहावयास गर्दी लोटते. २०२४ मध्यें ती ह्याच उद्यानांत फुलली होती. मुसळी दरवर्षीं फुलते, आणि तिच्यासाठीं कोणी येत नाहीं.

चिंचपोकळीच्या चिंचा गेल्या तेव्हां कोणाला फार हळहळ वाटली नसेल, कारण चिंच दुसरीकडे होती. मुसळीही दुसरीकडे आहे. शेतांत आहे, बरणींत आहे. पण बोरिवलीच्या उतारावरून ती नाहींशी झाली तर बोरी गेलेल्या गांवाचें नांव घेऊन फिरणारें, त्या गांवांत न उगवणारें असें एक फूल तेवढें उरेल. तें होऊं नये म्हणून आपणांला फार मोठें कांहीं करावयाचें नाहीं. बरणी विकत घेतांना तींतलें मूळ शेतांतलें आहे कीं रानांतलें, एवढें विचारावें. आणि पुढच्या जुलै महिन्यांत एखाद्या उघडिपीच्या सकाळीं मुलांना घेऊन उद्यानांत जावें, परवानगीच्या वाटेनें चालावें, आणि झाडांच्या शेंड्यांकडे पाहून झालें म्हणजे क्षणभर खालीं पाहावें. ओल्या पाचोळ्यांतून वर आलेला, एक-दीड फुटाचा, पांढऱ्या फुलांचा दांडा दिसला तर त्याला हात लावूं नये. मुलांना एवढेंच सांगावें कीं ह्याचें नांव आपल्या गांवाचें आहे.